मास्तरांचे प्रगतिपुस्तक

दर वर्षी ५ सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत एक नाटक होते. त्याला तिकीट नसते, तालीम नसते, आणि लेखकाचे नाव तर कधीच जाहीर होत नाही. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि पुढे त्या दिवशी वरच्या वर्गातल्या मुलांनी शिक्षक व्हायचे अशी प्रथा पडली. आईची ठेवणीतली साडी नेसून नववीतली मुलगी पाचवीच्या वर्गावर जाते. वडिलांचा सदरा विजारीत खोचून एखादा मुलगा हेडमास्तरांच्या खुर्चीत बसतो आणि शिपायाला उगाचच घंटा द्यायला सांगतो. खरे शिक्षक त्या दिवशी आपल्या खोलीत बसून पोहे खातात, गुलाबाची फुले स्वीकारतात आणि पोरे किती गोड दिसतात हे एकमेकांना सांगतात.

मी या नाटकाला तीसेक वर्षे हजर होतो. त्यांतली पुष्कळ वर्षे मीही पोहेच खाल्ले. पुढे एकदा कसल्याशा वहीसाठी व्हरांड्यातून जात असता एका वर्गासमोर थबकलो. आत एक मुलगी 'मराठीचे सर' झाली होती. वर्गात शिरताच तिने टेबलावर डस्टर आपटले आणि "गप्प बसा!" म्हणून ओरडली. मग पुस्तक उघडून, मान वर न करता, ती धडा वाचत सुटली. दोन परिच्छेद झाल्यावर खिडकीजवळच्या एका मुलाकडे वळून, भुवया चढवून तिने विचारले, "काय रे, कळले का? तुला काय कळणार म्हणा!" वर्ग खदखदून हसला. हशा तिच्या अभिनयाला होता आणि अभिनय उत्तम होता. भुवया माझ्या होत्या, डस्टर माझे होते, आणि ते शेवटचे वाक्यही अक्षरशः माझे होते.

वाचकहो, त्या मुलीने कोणताही अर्ज भरला नव्हता. चांगला शिक्षक कोण, असे तिला कोणी विचारले नव्हते. तरी माझे प्रगतिपुस्तक तिने पाचवीच्या पोरांसमोर जाहीर वाचून दाखवले. त्यात शेरा होता, गुण होते, आणि खाली सही तेवढी माझी स्वतःची होती.

विद्यार्थी आपल्या शिक्षकाविषयी मत बाळगतो की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी संपला. ते मत त्याच्याजवळ असतेच. दररोज, तासातासाला ते तयार होत असते. उरतो तो प्रश्न एवढाच, की ते ऐकण्याची आपली तयारी आहे काय? माझे म्हणणे असे आहे की नाही. आणि गुरुभक्तीच्या नावाखाली आपण जे काही जोपासले आहे, त्यातला मोठा भाग म्हणजे हे मत कानांवर पडू नये यासाठी केलेला बंदोबस्त आहे.

या बंदोबस्तात मी स्वतः हवालदाराचे काम केले आहे. 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध मी किती वर्षे सांगितला असेन! 'सांगितला' म्हणजे अक्षरशः सांगितला. फळ्यावर मुद्दे लिहिले, मुलांनी ते उतरवून घेतले. मग सगळ्या वह्यांत एकच शिक्षक अवतरले. ते उंच असत, त्यांचा पोशाख पांढराशुभ्र असे, ते वक्तशीर असत, आणि वरून फणसासारखे काटेरी परंतु आतून गोड असत. या निबंधांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे माणसे शिकवीतच नाहीत, फणस शिकवतात. एकाही मुलाने कधी लिहिले नाही की आमचे सर बुटके आहेत, त्यांच्या शर्टावर पानाचा डाग असतो, पण दशांश अपूर्णांक त्यांनी असे समजावले की जन्मात विसरणार नाही. असे कोणी लिहिले असते तर मीच लाल शाईने 'विषयाला सोडून' असा शेरा मारला असता.

माझे एक स्नेही मुख्याध्यापक आहेत. माणूस सज्जन, शिस्तीचा. त्यांच्याशी या विषयावर वाद घालणे हा माझा निवृत्तीनंतरचा व्यायाम आहे. ते म्हणतात, "अहो, पोरांना काय कळते? भाकरी कशी झाली हे कोणी तव्याला विचारतो काय?" दृष्टान्त मोठा खमंग आहे. मात्र विद्यार्थी म्हणजे तवा, असे त्यांना कोणी सांगितले? तवा आपण आहोत. भाकरी ज्याला खायची आहे त्याला ती कच्ची की करपलेली, हे सांगायला स्वयंपाकशास्त्राची पदवी लागत नाही.

त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, आणि ते मी देऊन टाकतो. मास्तरांना व्याकरण नीट येते की नाही, त्यांचा इतिहास अद्ययावत आहे की जुन्या गाइडातला आहे, हे बारा वर्षांच्या मुलाला ठरवता येणार नाही. ते ठरवायला अन्य माणसे हवीत, आणि ती माणसे आपापले काम चोख करतात असे आपण घटकाभर धरून चालू. पण मास्तर तयारी करून आले आहेत का, ते सगळ्यांकडे पाहतात की पहिल्या दोन बाकांकडे, विचारलेला प्रश्न त्यांना आवडतो की बोचतो, या गोष्टी वर्गाबाहेरच्या कोणालाही दिसू शकत नाहीत. तपासणीच्या दिवशी साहेब येतात तेव्हा तो वर्ग वर्ग नसतोच. ते लग्नघर असते. उरलेले दोनशे दिवस जे पाहतात, ते साक्षीदार फक्त बाकांवर बसलेले असतात.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत मी या साक्षी काढायचे ठरवले. सत्राच्या अखेरीस कोऱ्या कागदाचे चतकोर तुकडे वाटायचो आणि सांगायचो, नाव घालू नका, अक्षर बदलून लिहिले तरी चालेल. चांगले शिक्षक कोणाला म्हणावे आणि आम्ही काय करणे थांबवावे, एवढेच लिहा. पहिल्या वर्षी निम्म्या चिठ्ठ्यांत फणस आला. सवय कुठे जाते? दुसऱ्या वर्षी, मागच्या वर्षी कोणाला शिक्षा झाली नाही हे पाहून, पोरे बोलू लागली.

त्या चिठ्ठ्यांत मला काय अपेक्षित होते? खरे सांगतो: कमी गृहपाठ, जास्त गुण, खेळाचे तास. एकाने खेळाचा तास रोज असावा असे लिहिले खरे, आणि ते मत मला वाजवीच वाटते. पण बाकीच्यांचे मागणे वेगळे होते. "सर, तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलता, मागं ऐकू येत नाही." "दुसऱ्यांदा इचारलं तरी चिडत नाहीत ते चांगले." "विज्ञानाचे सर प्रयोग करून दाखवत्यात, चित्रावर बोट ठेवत नाहीत." "पाहुणे आले की मुलींनाच रांगोळी आणि चहा का? आमचा पण तास बुडतो." "तपासलेले पेपर लवकर द्यावेत, नाहीतर काय चुकलं ते विसरून जातं." एका चिठ्ठीत होते, "ज्यांना येत नाही ते 'उद्या बघून सांगतो' म्हणतात आणि खरंच उद्या सांगतात, ते सर मला आवडतात." ही शेवटची चिठ्ठी मी पुष्कळ दिवस पाकिटात बाळगली. शिक्षकाला सर्व काही आले पाहिजे, असा धाक आम्हांला कोणी घातला कोण जाणे; मुलांनी तर घातलेला नव्हता. त्यांना आमचे अज्ञान चालत होते. 'उद्या' म्हटलेला शब्द पाळला की त्यांचे भागत होते.

आणि एक चिठ्ठी अशी होती: "मारलं तरी चालंल, पण घरच्यांवरून बोलू नये." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी केली आहे. कायद्याने दोन्ही गुन्हे एका ओळीत घातले. त्या मुलाने त्यांत उतरती भाजणी लावली. छडीचा वळ दोन दिवसांत जातो हे त्याला माहीत होते. बापाच्या दारूवरून, आईच्या धुण्याभांड्यांवरून निघालेला शब्द किती दिवस राहतो, तेही माहीत होते. आमच्यापैकी पुष्कळांनी छडी टाकली आणि जीभ परजली, हे सत्य कोणत्याही तपासणी अहवालात आलेले नाही. ते एका चतकोर कागदावर आले.

येथे माझे स्नेही अस्वस्थ होतात आणि परंपरा बाहेर काढतात. गुरू म्हणजे साक्षात् परब्रह्म. त्याची परीक्षा शिष्याने घेणे म्हणजे गुरुद्रोह. आणि आता साने गुरुजींसारखे शिक्षक कुठे राहिले? साने गुरुजींचे नाव निघाले की वाद संपतो, असा आपल्याकडे संकेत आहे. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे त्यांनी अमळनेरला शिकवले, छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढले. परंतु एवढ्या उंच माणसाचे नाव आपण घेतो ते बहुधा त्यांच्यासारखे होण्यासाठी नव्हे. तसे होणे अशक्य आहे, तेव्हा आहोत तसे राहण्यास हरकत नाही, हे सिद्ध करण्यासाठी घेतो. माझ्याजवळच्या एकाही चिठ्ठीत कोणी साने गुरुजी मागितले नव्हते. त्यांनी तोंड फळ्याकडून वर्गाकडे वळवायला सांगितले होते.

आणि परंपराच काढायची, तर ती आमच्या जिल्ह्याइतकी जवळून कोणाला पाहायला मिळणार? (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. मागच्या गोष्टी सांगताना लेखणीतून 'नगर' हेच उतरते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.) प्रवरेकाठच्या नेवाशाला तो खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली असे मानतात. आपण तेथे जातो, डोके टेकवतो, आणि त्या प्रसंगाची रचना काय होती ते मात्र पाहत नाही. बोलत कोण होते? शिष्य. ऐकत कोण होते? निवृत्तिनाथ, म्हणजे गुरू. मराठी भाषेतला सर्वांत थोर तास ज्या वर्गात झाला, त्या वर्गात गुरुजी श्रोत्यांत बसले होते. आणि ज्या ग्रंथावर तो तास झाला तो तरी काय आहे? भर रणांगणात एक शिष्य शंकांवर शंका विचारतो आहे आणि गुरू त्याला "गप्प बस, तुला काय कळणार" असे म्हणत नाही. आमच्या परंपरेत प्रश्न विचारणे हा द्रोह होता असे ज्यांना वाटते, त्यांनी परंपरेला नमस्कार फार दुरून केलेला असावा.

दुसरी परंपराही नगरचीच आहे. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, १८३९ पासून नगरात राहिली आणि १८६२ साली मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. जोतीराव फुले यांनी तिच्या नगरच्या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण तिच्याकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळी फुले पतिपत्नींच्या कामावर मत देणारे पुष्कळ होते. शेण फेकणारेही एक प्रकारचे मतच देत होते. पण त्यांच्या शिकवण्याचा खरा दाखला १८५५ साली छापला गेला, तो 'ज्ञानोदय' पत्रात. आणि हे पत्र १८४२ साली सुरू झाले तेही नगरलाच. मुक्ता नावाची मांग समाजातली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिने निबंध लिहिला तो आपल्या लोकांच्या दुःखावर. वेदांवर ज्यांचा हक्क आहे ते आम्हांला ते पाहूही देत नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने छापील अक्षरांत केला. ज्या शाळेतली मुलगी चौदाव्या वर्षी असे विचारू शकते, त्या शाळेतले शिक्षक कसे असतील हे सांगायला वेगळा निबंध लागत नाही. त्या शिक्षकांनी तिला मुद्दे फळ्यावर लिहून दिले असते, तर तिनेही फणसच लिहिला असता.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर टाळत आलो.

आमच्या जिल्ह्याचे उत्तर अंग हिरवे आहे आणि दक्षिण अंग कोरडे. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ १९५० च्या सुमारास प्रवरानगरला रोवली गेली याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु उसाचे टिपरू आपल्या पायांनी कारखान्यात जात नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली कुटुंबे मुकादमाची उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजणीच हत्याराने होते. त्यांच्याबरोबर पोरेही जातात, आणि परततात ती वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. आपण हा अंक हातात घेऊन चकली मोडत असाल, त्या वेळी यांतले काही ट्रक रस्त्यावर असतील. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. तरी मुले जातातच. पाठीवरचे भावंड सांभाळायला कोणीतरी लागते.

मी त्या भागातल्या एका शाळेत असताना माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. चैत्रात परत आली, मागच्या बाकावर बसली. हजेरी घेताना मी मान वर करून म्हणालो, "आल्या का पाहुण्याबाई कारखान्याहून?" वर्ग हसला. तीही हसली असे मला वाटले. मग रोजच मी तिला पाहुण्याबाई म्हणू लागलो. शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही वाईट नव्हते. मी स्वतःला मुलांत मिसळणारा, खेळकर शिक्षक समजत होतो. त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी निघाली: "आमच्या वर्गात एक मुलगी कारखान्याहून आली की सर तिला पाहुणी म्हणतात. तिला नाव आहे."

ती चिठ्ठी तिने स्वतः लिहिली की तिच्या शेजारणीने, हे मी शोधले नाही. अक्षरावरून शोधता आले असते. मी मराठीचा मास्तर, वर्गातले प्रत्येक अक्षर ओळखतो. न शोधणे एवढाच शहाणपणा त्या प्रकरणात माझ्या हातून घडला. राहिलेल्या दिवसांत मी तिला नावाने हाक मारली. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. कारणे पुष्कळ असतील. अशा मुलींच्या शाळा सुटायला कारणांचा तुटवडा कधी नसतो. त्या कारणांत माझ्या विनोदाचा वाटा किती आणे, हा हिशेब मी अधूनमधून मांडतो, आणि तो शून्यावर कधी येत नाही.

मी विचारतो, हा दोष माझा मला दुसऱ्या कोणी दाखवला असता? त्या वर्षी माझ्या विषयाचा निकाल चांगला लागला होता. संस्थेने पाठ थोपटली होती. गोपनीय अहवालात माझ्याविषयी 'विद्यार्थिप्रिय' असा शब्द होता.

म्हणून मी म्हणतो, मुलांना विचारा. पण कसे विचारावे, याबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सध्या विचारण्याचीही एक साथ आलेली आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेने काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचे समाधान मोजण्याची रीत सुरू केली. वीसेक प्रश्न, प्रत्येकाला शून्यापासून चारपर्यंत गुण, आणि सगळे संगणकावर. कल्पना वाईट नाही. पण काही ठिकाणी काय होते, तर समिती येण्याआधी विद्यार्थ्यांना एकत्र बसवून कोणते बटण दाबायचे ते समजावून सांगण्यात येते. म्हणजे पुन्हा फळ्यावरचे मुद्देच. फणस आता विजेवर चालतो, इतकेच.

शिवाय मुले काही ऋषिमुनी नव्हेत. आपण घरी जे बोलतो तेच ती वर्गात आणतात. माझ्याकडच्या चिठ्ठ्यांत सरांच्या शिकवण्याविषयी जेवढे होते, तेवढे बाईंच्या आवाजाविषयी आणि साडीविषयी होते. स्त्रियांना विद्यार्थ्यांकडून कमी गुण पडतात, असे परदेशांतल्या विद्यापीठांतही एकाहून अधिक अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा हा रोग केवळ आमचा नव्हे. जो मास्तर परीक्षेतले प्रश्न आधी फोडतो तो चार दिवस लोकप्रियही होतो. अशा कागदांवर कोणाची वेतनवाढ अडवणे किंवा कोणाची बदली करणे म्हणजे पोरांच्या हातात कोयता देणे होईल. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की निकालाच्या मापाने पैसे देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित लोकांत विद्या वाढवायला उपयोगी नाही. मुलांच्या मताच्या मापाने पगार देण्याची पद्धतही तितकीच निरुपयोगी ठरेल. चिठ्ठी मास्तराने मागावी, मास्तरानेच दार लावून वाचावी, आणि तिचे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. तिच्यावर बाहेरचा शिक्का बसला की मुले पुन्हा खोटे लिहू लागतील, आणि या वेळी दोष त्यांचा नसेल.

शिक्षकवर्ग माझ्यावर रागावेल, हे मी जाणून आहे. म्हणून त्यांच्या वतीनेही मुलांचीच एक साक्ष पुढे ठेवतो. अलीकडच्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार शिकवण्याविषयी नव्हतीच. "सर वर्गात असतात पण मोबाईलमध्ये माहिती भरतात." "बाई मीटिंगला जातात." "खिचडीचा हिशेब लिहीपर्यंत तास संपतो." शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये. निवडणुका या देशात कधी संपतात, ते कलम लिहिणाऱ्यांनी सांगितले नाही. फुल्यांनी त्याच १८८२ च्या निवेदनात गावच्या शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी देऊ नये, मोठ्या गावांत पंधरा-वीस द्यावे, आणि तो शेतकरी वर्गातला, नांगराच्या मुठीला हात लावायला न लाजणारा असावा, असे मागितले होते. सव्वाशे वर्षे उलटत आली तेव्हा, म्हणजे २००० साली, राज्याने नवा शिक्षक 'शिक्षणसेवक' म्हणून तीन वर्षे ठेवण्याची योजना काढली आणि प्राथमिक शाळेत त्याला महिना तीन हजार रुपये मानधन दिले. ते सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडले. सेवक म्हणून ज्याला नेमले, त्याला शिक्षकदिनी गुरुर्ब्रह्मा म्हणायचे, ही कसरत आपल्यालाच जमते. मुलांच्या चिठ्ठ्या शिक्षकाविरुद्ध नव्हत्या. आमचे मास्तर आम्हांला परत द्या, असे त्या सांगत होत्या, आणि ते मागणे मास्तरापाशी नव्हतेच.

माझ्या स्नेह्यांचा शेवटचा बाण असा असतो की हुशार मुलाचे मत एक वेळ घ्यावे. ढ पोर काय सांगणार? मला वाटते, हे नेमके उलट आहे. हुशार मुलगा कोणाकडेही शिकतो, कोणी नसले तरी शिकतो. त्याच्यावरून मास्तरांची परीक्षा होत नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या शाळेने अन्यत्र नापास झालेल्या मुलांना प्राधान्याने दाखल करून घेण्याची रीत पाडली, तेव्हा पुष्कळांना तो उफराटा न्याय वाटला. पण शिकवण्याची कसोटी घ्यायची असेल तर ती तेथेच लागते. तीन शाळांतून हाकललेल्या मुलाने तीन प्रकारचे मास्तर पाहिलेले असतात. शिक्षणशास्त्राचे एवढे विस्तृत निरीक्षण कोणत्या अधिकाऱ्याने केले आहे?

हे सगळे मी गेल्या वर्षभरात माझ्या स्नेह्यांना अनेक वेळा ऐकवले. नवरात्रात त्यांचा फोन आला. आवाजात विजय होता. म्हणाले, "तुमचे ऐकले बरे का! सगळ्या वर्गांतून चिठ्ठ्या मागवल्या. सगळ्यांनी शिक्षकांविषयी अतिशय उत्तम लिहिले आहे. एकही तक्रार नाही."

मी विचारले, "नावे घालून मागवल्यात, की नावांवाचून?"

"नावे घालूनच की हो. हजेरी क्रमांकासह. शिस्त नको का?"